कंसातला पक्ष: नेता अचानक गेला की वारसा कसा वाटला जातो?

निवडणूक जवळ आली की नाशिकच्या वर्तमानपत्रांत युती, आघाडी आणि जागावाटपाच्या बातम्या सुरू होतात. त्या बातम्यांत ‘रिपब्लिकन पक्ष’ हे नाव सहसा एकटं येत नाही. त्याच्यापुढे कंस असतो आणि कंसात एखाद्या नेत्याचं आडनाव. आठवले, गवई, खोब्रागडे, कांबळे असे हे कंस महाराष्ट्राच्या इतके अंगवळणी पडले आहेत की त्यामागचं कारण कुणी विचारत नाही. फार तर एखादा म्हणतो, ‘त्यांचं आपसांत कधी पटलंच नाही.’

हे उत्तर सोपं आहे, पण त्यातून काहीच उलगडत नाही. न पटणं हा स्वभाव असेल तर काँग्रेस 1969 मध्ये का फुटली? एम. जी. रामचंद्रन गेल्यावर तमिळनाडूतल्या अण्णा द्रमुकचे दोन तुकडे का झाले? अलीकडे शिवसेना आणि राष्ट्रवादीच्या नावांपुढेही कंस आलेच. म्हणजे एखाद्या समाजाच्या स्वभावात कारण शोधण्याऐवजी पक्ष चालतो कसा, हे पाहायला हवं. सगळं एका माणसाभोवती उभं असेल आणि तो माणूस अचानक गेला, तर नेमकं काय मोडतं?

याचं उत्तर शोधायला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या निधनानंतरची पंधरा वर्षं फार उपयोगी पडतात. त्यासाठी नाशिकइतकी चांगली जागा दुसरी नाही. बाबासाहेबांच्या मागे लोकांचा सर्वांत मोठा ओघ ज्यांच्याकडे वळला, ते दादासाहेब गायकवाड दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे.

6 डिसेंबर 1956: तीन कामं अर्ध्यावर

बाबासाहेबांची प्रकृती बरेच दिवस ढासळत होती, तरी त्यांचा मृत्यू कुणाच्या हिशेबात नव्हता. 6 डिसेंबर 1956 रोजी दिल्लीत, 26 अलिपूर रोड इथल्या निवासस्थानी ते गेले. दुसऱ्या दिवशी मुंबईत दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. त्या वेळी तीन मोठी कामं एकाच वेळी अर्ध्यावर होती.

पहिलं काम धर्मांतराचं. नागपूरची दीक्षा 14 ऑक्टोबरची, म्हणजे निधनाच्या अवघ्या 53 दिवस आधीची. लाखो लोक बौद्ध झाले होते आणि त्यांच्या पक्षाचं नाव मात्र ‘शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन’ होतं. त्यात कायद्याचा पेच होता. 1950 च्या राष्ट्रपती-आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना होता. 1956 मध्ये तो शिखांना मिळाला आणि बौद्धांना मिळायला 1990 उजाडलं. बौद्ध झालेला कार्यकर्ता राखीव जागेवर उभा कसा राहणार, हा प्रश्न धर्मांतराच्या दुसऱ्याच दिवशी उभा राहिला होता.

दुसरं काम नव्या पक्षाचं. फेडरेशन विसर्जित करून सर्व जातीधर्मांच्या लोकांना खुला असा रिपब्लिकन पक्ष काढायचा, हे बाबासाहेबांनी ठरवलं होतं. डॉ. राममनोहर लोहियांशी त्यांचा त्या दिशेने पत्रव्यवहारही सुरू होता. पण नवा पक्ष जन्मलेला नव्हता आणि जुना संपलेला नव्हता.

तिसरं काम निवडणुकीचं. सार्वत्रिक निवडणूक 1957 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये होणार होती. फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत सामील होतं. उमेदवार ठरवायचे, जागा मागायच्या, मित्रपक्षांशी बोलायचं आणि हाताशी फक्त काही आठवडे. शोक करायलाही पुरेसा वेळ नव्हता.

खुर्ची भरते, जागा भरत नाही

सरकारातला मोठा माणूस गेला तर काय करायचं, हे आपल्याकडे बऱ्यापैकी ठरलेलं आहे. पंडित नेहरू 27 मे 1964 रोजी गेले. त्याच दिवशी गुलझारीलाल नंदा हंगामी पंतप्रधान झाले आणि 9 जूनला लालबहादूर शास्त्रींचा शपथविधी झाला. शास्त्रीजींचं 11 जानेवारी 1966 रोजी ताश्कंदमध्ये निधन झालं. पुन्हा नंदा आले आणि 24 जानेवारीला इंदिरा गांधींनी शपथ घेतली. दोन्ही वेळा तेरा दिवस लागले. मधल्या काळात रस्सीखेच झाली, दुसऱ्या वेळी तर मोरारजी देसाई आणि इंदिरा गांधी यांच्यात संसदीय पक्षात मतदान झालं. पण मत कुणी द्यायचं, निकाल कुणी सांगायचा आणि शपथ कुणी द्यायची, याबद्दल वाद नव्हता. खासदार किंवा आमदार गेला तर त्याची जागा पोटनिवडणुकीने भरतात. तिथेही नियम लेखी आहे.

पक्ष ही मात्र माणसांनी आपखुशीने उभारलेली संघटना. तिची घटना असते, पदं असतात. तरी एक गोष्ट त्या घटनेत कुठेच लिहिलेली नसते, ती म्हणजे नेत्याचं वजन. 1942 मध्ये नागपूरला फेडरेशन स्थापन झालं तेव्हा अध्यक्ष झाले मद्रासचे एन. शिवराज. 1957 मध्ये रिपब्लिकन पक्ष निघाला तेव्हाही पहिले अध्यक्ष शिवराजच. म्हणजे अध्यक्षपदावर बसायला माणूस होता, आणि तो अनुभवी होता. रिकामी झाली ती कोणत्याही पदाच्या यादीत नसलेली जागा. निवडणूक घेऊन पद भरता येतं. तशी जागा कशी भरणार?

एका जुडग्यातल्या पाच किल्ल्या

जुन्या एकत्र कुटुंबात आजोबांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे. धान्याच्या कोठीची, पैशाच्या पेटीची, जमिनीच्या कागदांची, अशी प्रत्येक किल्ली वेगळी; पण जुडगा एक, म्हणून घर एक. आजोबा अचानक गेले की जुडगा सुटतो. कोठी थोरल्याकडे जाते, कागद शिकलेल्या धाकट्याकडे, पेटी तिसऱ्याकडे. कुणी कुणाचं काही चोरलेलं नसतं, तरी महिन्याभरात चुली वेगळ्या होतात. कारण एका किल्लीने सगळं घर उघडत नाही आणि आपली किल्ली सोडायला कुणी तयार नसतो.

पक्षाच्या नेत्याकडेही असाच जुडगा असतो. त्यात साधारण पाच किल्ल्या असतात.

*शेवटचा शब्द.* दोन कार्यकर्ते भांडले की निवाडा कुणी करायचा? बाबासाहेब असताना तो प्रश्नच येत नसे.

*लोकांचा विश्वास.* गावातला माणूस पक्षाचा जाहीरनामा वाचून मत देत नाही, ‘आपला माणूस’ बघून देतो.

*बोलणी.* समितीशी, काँग्रेसशी, समाजवाद्यांशी पक्षाच्या वतीने एकानेच बोलायचं असतं. दोघे बोलू लागले की समोरचा दोघांना वेगवेगळा भाव सांगतो.

*संस्था आणि साधनं.* बाबासाहेबांनी संस्थांचं जाळं उभं केलं होतं. 1945 ची पीपल्स एज्युकेशन सोसायटी, तिची मुंबईची सिद्धार्थ आणि औरंगाबादची मिलिंद ही महाविद्यालयं, 1955 ची भारतीय बौद्ध महासभा, ‘प्रबुद्ध भारत’ हे साप्ताहिक, समता सैनिक दल. प्रत्येक संस्थेचा कारभार वेगळा. त्यांना जोडणारा दुवा म्हणजे एकच माणूस.

*विचारांचा अर्थ.* नवी परिस्थिती आली की ‘आपल्या विचारात हे बसतं का’ हे सांगणारं कुणीतरी लागतं. बाबासाहेब आपली भूमिका स्वतः बदलू शकत होते. त्यांच्या अनुयायांना तो अधिकार नव्हता.

1956 नंतर या किल्ल्या वेगवेगळ्या हातांत गेल्या. चिरंजीव यशवंतराव, म्हणजे भय्यासाहेब आंबेडकर, यांनी बौद्ध महासभेचं काम पुढे नेलं. पत्नी डॉ. सविता, म्हणजे माईसाहेब, यांच्याकडे काही अनुयायांनी संशयाने पाहिलं आणि त्या राजकारणापासून जवळपास दूरच राहिल्या. म्हणजे भारतात पुढे सर्रास दिसलेली घराण्याची वाट इथे घेतली गेली नाही. कायद्याची भाषा आणि संसदीय शिस्त बी. सी. कांबळे आणि आर. डी. भंडारे यांच्यासारख्या वकिलांकडे होती. विदर्भात बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे होते. आणि गावागावांतला विश्वास होता नाशिककडे.

आपल्यामागे माणसं तयार नाहीत याची जाणीव बाबासाहेबांना होती. 1956 मध्येच त्यांनी मुंबईत राजकारणात येऊ पाहणाऱ्यांसाठी एक प्रशिक्षण विद्यालय सुरू केलं होतं. त्याची पहिली तुकडी बाहेर पडायच्या आत ते गेले.

दिंडोरीचे दादासाहेब

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म 15 ऑक्टोबर 1902 चा. 2 मार्च 1930 रोजी पंचवटीत काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा तो जागेवर चालवण्याचं काम त्यांच्याकडे होतं. पहिल्या दिवशी मोर्चा काढणं सोपं असतं. सत्याग्रह पाच वर्षं धुगधुगत ठेवायचा म्हणजे रोज माणसं जमवायची, गावाकडून शिधा आणायचा, बहिष्कार पडलेल्या कुटुंबांकडे बघायचं, तुरुंगात गेलेल्यांच्या घरी जायचं. गायकवाडांचं नेतृत्व या कामातून घडलं. बाबासाहेब मुंबईहून किंवा दिल्लीहून पत्र लिहीत आणि भाऊराव ते नाशिक जिल्ह्यात उतरवत. मार्च 1934 मध्ये सत्याग्रह थांबवावा, असं मत बाबासाहेबांनी कळवलं तेही गायकवाडांनाच पत्र लिहून. पुढे 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्याच्या परिषदेत धर्मांतराची घोषणा झाली. ती परिषदही नाशिक जिल्ह्यातलीच.

1937 मध्ये गायकवाड बाबासाहेबांच्या तेव्हाच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेत निवडून गेले. त्यांच्याकडे वकिलीची सनद नव्हती आणि पोशाख खेड्यातल्या कार्यकर्त्याचा होता. पक्षातल्या पुढच्या वादात ‘धोतरवाले’ आणि ‘सूटबूटवाले’ असे शब्द फेकले गेले, त्याची मुळं इथे आहेत. भूमिहीन शेतमजुराला जो माणूस आपला वाटत होता, तोच माणूस शहरातल्या शिकलेल्या तरुणाला पक्षाचा चेहरा म्हणून कमी पडतो असं वाटत होतं. एकाच पक्षात दोन प्रकारचे लोक होते आणि दोघांनाही एकाच वेळी आपलासा वाटणारा माणूस आता उरला नव्हता.

मंडळ नेमलं, निवाडा राहिला

डिसेंबर 1956 च्या अखेरीस फेडरेशनचे पुढारी अहमदनगरला जमले. एकाला वारस नेमण्याऐवजी त्यांनी सामुदायिक नेतृत्वाचा मार्ग घेतला आणि अध्यक्षीय मंडळ केलं. त्या घडीला हा शहाणपणाचा निर्णय होता. कुणालाही एकट्याला ‘बाबासाहेबांच्या जागी’ म्हणणं लोकांना रुचलं नसतं.

निवडणुकीत तो चालला. संयुक्त महाराष्ट्राची लाट होती, शोकाची लाट होती, आणि समोर एकच प्रतिस्पर्धी होता. 1952 मध्ये लोकसभेच्या फक्त दोन जागा जिंकलेल्या फेडरेशनने 1957 मध्ये सहा जिंकल्या. खुद्द नाशिकमधून दादासाहेब गायकवाड लोकसभेवर गेले. नेता गेल्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीत पक्ष वाढलेला दिसतो, हा अनुभव इतरत्रही येतो. सहानुभूती असते, आणि वाद पुढे ढकलायला निवडणुकीसारखं निमित्त नाही.

3 ऑक्टोबर 1957 रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली. आता पुढे ढकललेले प्रश्न समोर आले. पक्षाने रस्त्यावर उतरायचं की विधिमंडळात लढायचं? कम्युनिस्टांबरोबर किती जायचं? गायकवाडांचा कल जमिनीच्या प्रश्नाकडे होता. पडीक आणि सरकारी जमीन भूमिहीनांना मिळावी म्हणून 1959 मध्ये खानदेश-मराठवाड्यात सत्याग्रह झाला. कांबळे यांच्या बाजूच्या लोकांना हे बाबासाहेबांच्या घटनात्मक मार्गापासून भरकटणं वाटत होतं.

इथे पाचव्या किल्लीचं महत्त्व कळतं. घटनात्मक मार्गाच्या बाजूने बाबासाहेबांचं 25 नोव्हेंबर 1949 चं घटना समितीतलं भाषण उभं करता येत होतं, कारण स्वतंत्र भारतात सत्याग्रहासारखे मार्ग सोडून द्यावेत, असं त्यांनी तिथे सांगितलं होतं. सत्याग्रहाच्या बाजूने 1927 चं महाड आणि 1930 चं काळाराम उभं करता येत होतं. दोन्ही आधार खरे होते. कोणता केव्हा लागू पडतो, हे सांगणारा माणूस नव्हता. मंडळात सगळे समान असल्यामुळे त्यांच्यातला वाद मंडळाबाहेर नेऊन सोडवण्याची सोयही नव्हती.

पक्ष निघून दोन वर्षं व्हायच्या आत कांबळे वेगळे झाले. आपण पक्ष दुरुस्त करतो आहोत, या भूमिकेतून त्यांच्या गटाला ‘दुरुस्त’ नाव पडलं आणि उरलेल्यांना, म्हणजे गायकवाडांच्या बाजूला, लोक ‘नादुरुस्त’ म्हणू लागले. महाराष्ट्राच्या राजकारणातला तो पहिला मोठा कंस.

फुटण्यात फायदा कुणाचा?

भांडण झालं एवढ्याने पक्ष कायमचा फुटत नाही. भांडून पुन्हा एक होणारे पक्ष पुष्कळ आहेत. फूट टिकते ती वेगळं राहण्यात लाभ असेल तरच. तो लाभ कसा तयार होतो, हे एका काल्पनिक मतदारसंघात पाहू.

समजा शंभर मतदार आहेत. एका मोठ्या पक्षाकडे 45 मतं, दुसऱ्याकडे 42, किरकोळ 3, आणि रिपब्लिकन विचारांची 10. ही दहा मतं एकत्र असतील तर ती ज्याच्याकडे जातील तो जिंकणार. अशा वेळी दहा मतांचा पुढारी जागाही मागू शकतो आणि सत्तेत वाटाही. आता ही दहा मतं 4, 3 आणि 3 अशी तीन गटांत वाटली गेली. 42 वाल्याला चार मतांचा एक गट मिळाला तरी त्याची बेरीज 46 होते आणि तो जिंकतो. मग तो दहा मतांची किंमत का मोजेल? चार मतांच्या नेत्याला एखादं पद दिलं की भागतं. मोठ्या पक्षाला तुकडे स्वस्त पडतात आणि तुकड्याच्या नेत्याला, मोठ्या गटात तिसऱ्या रांगेत बसण्यापेक्षा, छोट्या गटाचा पहिला माणूस असणं लाभाचं ठरतं. तोटा होतो तो मतदाराचा.

हे गणित समाज किती आणि कुठे आहे यावरही ठरतं. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जाती सुमारे 11.8 टक्के आणि बौद्ध सुमारे 5.8 टक्के आहेत. ही वस्ती राज्यभर विखुरलेली असल्याने स्वबळावर बहुमत मिळेल असे मतदारसंघ फारसे नाहीत. युतीशिवाय जागा नाही आणि युती करायची तर बोलणी कुणी करायची, यावरून पुन्हा फूट.

पुढचा इतिहास या गणिताला धरून चालला. 1960 मध्ये महाराष्ट्र राज्य झालं आणि समितीला एकत्र ठेवणारं कारण संपलं. 1962 च्या लोकसभेत रिपब्लिकन पक्षाला तीन जागा मिळाल्या, त्या तिन्ही उत्तर प्रदेशातल्या. महाराष्ट्रातून एकही नाही. नाशिकची जागा काँग्रेसकडे गेली आणि दादासाहेब राज्यसभेत गेले.

तरीही लोक त्यांच्याबरोबर होते. 6 डिसेंबर 1964 पासून देशभर भूमिहीनांचा मोठा सत्याग्रह झाला आणि कार्यकर्ते झुंडीने तुरुंगात गेले. गंमत अशी की ज्या पक्षाला लोकसभेत महाराष्ट्रातून जागा नव्हती, तो तुरुंग भरू शकत होता. पण तुरुंगात गेलेल्या माणसांचं बळ मतपेटीत उतरवायला युती हवी होती. काँग्रेसच्या यशवंतराव चव्हाणांनी ही गरज ओळखली. 1967 मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांसाठी गायकवाडांनी काँग्रेसशी समझोता केला आणि त्यावरून पक्षात नवं वादळ उठलं. 1970 च्या सुमारास खोब्रागडे आणि गायकवाड यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. 29 डिसेंबर 1971 रोजी दादासाहेब गेले आणि त्यांच्या गटाची धुरा अमरावतीच्या रा. सू. गवई यांच्याकडे आली. पुढच्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. पुढाऱ्यांच्या गटबाजीला विटलेले तरुण हे तिच्या जन्माचं एक कारण होतं.

एकी झाली तर काय होतं, याचाही पुरावा आहे. 1998 च्या लोकसभा निवडणुकीत गट एकत्र आले आणि काँग्रेसशी एकत्रित बोलणी झाली. प्रकाश आंबेडकर अकोल्यातून, रा. सू. गवई अमरावतीतून, रामदास आठवले उत्तर-मध्य मुंबईतून आणि जोगेंद्र कवाडे चिमूरमधून निवडून आले. चारही जागा सर्वसाधारण होत्या. म्हणजे दहा मतं एकत्र राहिली की त्यांची किंमत मिळते. पण लोकसभा वर्षभरानंतर लगेच विसर्जित झाली, काँग्रेस फुटून राष्ट्रवादी निघाली, बाजारात गिऱ्हाइकं वाढली आणि 1999 ला गट पुन्हा वेगवेगळ्या दिशांना गेले.

वारसा पुढे नेण्याच्या तीन वाटा

मॅक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वी एक गोष्ट मांडली. काही नेत्यांची सत्ता पदातून किंवा परंपरेतून येत नाही, ती त्यांच्या असामान्य व्यक्तिमत्त्वावरच्या लोकांच्या श्रद्धेतून येते. अशी सत्ता त्या माणसाबरोबर संपते. ती टिकवायची तर तिला रोजच्या कारभारात मुरवावं लागतं. त्याच्या मुख्य वाटा तीन: घराणं, नेत्याने स्वतः केलेली नेमणूक, किंवा निवडीची पद्धत.

शिवसेनेने पहिल्या दोन वाटा जोडल्या. जानेवारी 2003 मध्ये महाबळेश्वरच्या अधिवेशनात उद्धव ठाकरे कार्याध्यक्ष झाले. वारशाचं भांडण बाळासाहेब ठाकरे हयात असतानाच होऊन गेलं. राज ठाकरे बाहेर पडले, 9 मार्च 2006 ला त्यांचा नवा पक्ष मनसे निघाला आणि त्याची मोठी झळ नाशिकलाही लागली: 2009 मध्ये शहरातून तीन आमदार, 2012 मध्ये महापालिकेत 40 नगरसेवक आणि महापौरपद. 17 नोव्हेंबर 2012 रोजी बाळासाहेब गेले तेव्हा मात्र पक्ष हलला नाही. ‘शिवसेनाप्रमुख’ हे पद त्यांच्याच नावे राखून उद्धव ‘पक्षप्रमुख’ झाले.

कांशीराम यांनी नेमणुकीची वाट धरली. पुण्यात नोकरी करताना त्यांनी रिपब्लिकन पक्षाची गटबाजी जवळून पाहिली होती. 1984 मध्ये त्यांनी बहुजन समाज पक्ष काढला आणि डिसेंबर 2001 मध्ये मायावती आपल्या वारस असल्याचं जाहीर केलं. ते 2006 मध्ये गेले तेव्हा वारसाबद्दल प्रश्नच नव्हता. पुढच्याच वर्षी पक्षाला उत्तर प्रदेशात बहुमत मिळालं.

काहीच न ठरवता गेलेल्यांचं उदाहरण एम. जी. रामचंद्रन यांचं. 24 डिसेंबर 1987 ला ते गेले. पत्नी जानकी आणि सहकारी जयललिता यांच्यात पक्ष दुभंगला, ‘दोन पानं’ हे चिन्ह गोठवलं गेलं आणि 1989 ची निवडणूक दोन्ही गट हरले. लगेच ते एक झाले आणि चिन्ह परत मिळालं. महत्त्वाचा भाग असा की हरल्यावर दोघांनाही वेगळं राहण्यात लाभ उरला नाही. स्वबळावर सत्ता मिळवू शकणारा पक्ष एक होतो. युतीवर जगणाऱ्या पक्षाला तशी सक्ती नसते.

कायदा कुठपर्यंत पोहोचतो?

पक्ष फुटला तर खरा पक्ष कोणता, हे ठरवण्याचा अधिकार निवडणूक आयोगाला 1968 च्या निवडणूक चिन्ह आदेशाच्या परिच्छेद 15 ने मिळाला. काँग्रेसच्या 1969 च्या फुटीत तो वापरला गेला आणि सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केला. आयोग पक्षाची उद्दिष्टं पाहतो, पक्षाची घटना पाहतो आणि शेवटी बहुमत कुणाकडे आहे ते पाहतो. रिपब्लिकन पक्षाची पहिली फूट पडली तेव्हा असा आदेशच नव्हता.

पण आयोग फक्त नाव आणि चिन्ह देऊ शकतो. फेब्रुवारी 2023 मध्ये शिवसेनेचं नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला मिळाले, कारण 55 पैकी 40 आमदार त्यांच्याबरोबर होते. 2018 ची पक्षघटना लोकशाहीला धरून नाही, असं आयोगाने म्हटलं आणि तिचा आधार घेतला नाही. 2012 मध्ये सुरळीत वाटलेल्या वारशाची कमकुवत बाजू अशी दहा वर्षांनी उघडी पडली: वारस ठरला होता, पद्धत ठरली नव्हती.

चौकट: थोडक्यात

• नेता गेल्यावर पद रिकामं होतं ते भरता येतं. निवाडा, विश्वास, बोलणी, संस्था आणि विचारांचा अर्थ ही पाच कामं वेगवेगळ्या हातांत गेली की फूट सुरू होते.
• पहिली निवडणूक सहसा पक्षाला एकत्र ठेवते. खरी परीक्षा त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत होते.
• सामुदायिक नेतृत्व चालतं, पण मतभेद झाल्यावर निवाडा कसा करायचा हे आधी ठरलेलं असेल तरच.
• मोठ्या पक्षांना छोटे तुकडे स्वस्त पडतात, म्हणून युतीवर जगणाऱ्या पक्षात फूट टिकते.
• वारस आधी जाहीर केला तर भांडण लवकर होतं, पण नेता हयात असताना होतं.
• आयोग नाव आणि चिन्ह देतो. लोकांचा विश्वास देत नाही.

पुढच्या वेळी काय पाहायचं?

एखादा मोठा नेता अचानक गेला की दूरदर्शन वाहिन्या अंत्ययात्रेतली गर्दी दाखवतात आणि शोकसभेत कोण कोणाच्या शेजारी बसलं यावरून अंदाज बांधतात. त्यापेक्षा चार साध्या गोष्टी पाहाव्यात. एबी फॉर्मवर आता सही कुणाची? उमेदवाराला चिन्ह मिळतं ते या फॉर्ममुळे, म्हणून सहीचा अधिकार म्हणजे तिकिटाचा अधिकार. मित्रपक्षांशी बोलायला एकच माणूस जातो की दोन? पक्षाच्या संस्था, वर्तमानपत्र आणि कार्यालयं कुणाच्या नावावर आहेत? आणि तालुक्याचा कार्यकर्ता अडचणीत आला की फोन कुणाला लावतो?

चारही उत्तरं एकाच नावाकडे गेली तर वारस ठरला असं समजावं, पद जाहीर झालेलं असो वा नसो. उत्तरं वेगवेगळी आली तर पक्षाला कंस लागायला फार वेळ लागत नाही.

दादासाहेब गायकवाडांकडे या चारांपैकी शेवटचं उत्तर निर्विवाद होतं. नाशिकपासून मराठवाड्यापर्यंत भूमिहीन माणूस अडला की त्यांच्याकडेच बघत होता. बाकीची तीन उत्तरं त्यांच्याकडे पूर्णपणे कधीच आली नाहीत, आणि त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांकडेही आली नाहीत. राज्य सरकारच्या भूमिहीन अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांना जमीन देण्याच्या योजनेला आज दादासाहेबांचं नाव आहे. जमिनीचा प्रश्न त्यांनी उचलला तेव्हा पक्षातलेच काही लोक त्यावर रागावले होते. पक्षाचा वारसा कोण जिंकला, याचा निकाल लागायला इतकी वर्षं लागतात, आणि तो निकाल दर वेळी पक्षाच्या कार्यालयातच लागतो असं नाही.